अर्ज मागे घेतला, मग पैसे का मागे येईनात?

आमच्या बचत गटाच्या तिळगुळाला आम्ही सगळ्याच बायकांना बोलावतो. सवाष्ण, विधवा असा भेद करत नाही. यंदा कार्यक्रम आटोपला, बायका वाण घेऊन आपापल्या घरी गेल्या, पण आमच्या गल्लीतल्या एक काकू काही खुर्ची सोडेनात. सगळ्या गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक जाडजूड फाइल काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या. यातलं मला समजून सांगा. पोरानं अमेरिकेचा अर्ज मागं घेतला. मग आमचे पैसे का मागं येईनात?"

प्रश्न किती साधा! दुकानात वस्तू परत दिली की पैसे परत मिळतात. ठेव मोडली की बँक थोडं व्याज कापते, पण मुद्दल हातात देते. मग इथंच काय अडलं?

फाइल सगळी इंग्रजीत होती. मी बी.ए. झालेली असले, तरी ते वकिली इंग्रजी माझ्याही डोक्यावरून गेलं. पुण्यात माझा भाचा सीए आहे. रात्रीचं जेवण उरकलं की त्याला फोन लावायचा आणि एकेक पान वाचायचं, असं आठ-दहा दिवस चाललं. तेव्हा कुठं चित्र स्पष्ट झालं. म्हटलं, हे आपल्या मैत्रिणींनाही सांगायला हवं. कारण परदेशात मुलगा-मुलगी नाही, असं घर आता आमच्या नेवाशातसुद्धा शोधावं लागेल.

आधी काकूंची कथा सांगते. मुलगा इंजिनिअर, एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत. नोकरीच्या वाटेनं ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग किती लांब आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. एका देशाच्या लोकांना साधारण सात टक्क्यांहून जास्त कार्डं द्यायची नाहीत, असा तिथला नियम. अर्ज करणारे आपले लोक लाखांनी, त्यामुळे काहींची उमर रांगेतच जाते. तेव्हा मित्रांनी त्याला दुसरी वाट सांगितली, ईबी-फाइव्ह. म्हणजे पैसे गुंतवा आणि ग्रीन कार्ड मिळवा.

ही योजना अमेरिकेनं १९९० साली सुरू केली. परदेशी माणसानं तिथल्या धंद्यात ठरलेली रक्कम घालायची, त्यातून निदान दहा माणसांना पूर्ण वेळ काम मिळालं पाहिजे, म्हणजे त्याला, त्याच्या बायकोला आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांना ग्रीन कार्ड. मागास किंवा बेकारी जास्त असलेल्या भागात गुंतवणूक केली, तर ही रक्कम तेव्हा पाच लाख डॉलर होती. २१ नोव्हेंबर २०१९ पासून ती नऊ लाख होणार, असं जाहीर झालं आणि एकच घाई उडाली. दिवाळीत सोनं महागणार म्हटल्यावर सराफाकडे जशी गर्दी होते ना, अगदी तशी!

काकूंच्या घरातही तेच झालं. हायवेलगतची जमीन विकली. पाच लाख डॉलर म्हणजे त्या वेळचे साडेतीन कोटी रुपये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणून अर्धे काकांच्या खात्यातून गेले, अर्धे काकूंच्या. त्याशिवाय पन्नास हजार डॉलर कंपनीचं शुल्क, ते मुलानं स्वतःच्या बचतीतून भरलं. सातबारा, फेरफार, खरेदीखत, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर झालं. पैसा कष्टाचा आणि कायदेशीर आहे, हे तिथल्या सरकारला दाखवावंच लागतं.

पुढं नशिबानं पाठ फिरवली. करोना आला. दुसऱ्या लाटेत काका गेले. तिकडे ३० जून २०२१ रोजी ईबी-फाइव्हमधल्या 'रीजनल सेंटर' या भागाची मुदतच संपली आणि त्याखालचे अर्ज जागेवर थांबले. १५ मार्च २०२२ला नवा कायदा झाला, तेव्हा गाडी पुन्हा सुरू झाली. पण तोवर मुलाचं मन उडालं होतं. आई एकटी, त्यात तिकडे नोकरीची अनिश्चितता. २०२३ साली तो बायका-मुलांसह पुण्याला परत आला. येताना अर्ज मागे घेतल्याचं पत्र सरकारला पाठवलं. त्याला वाटलं, आता पैसे खात्यावर येतील. ते अजून आलेले नाहीत.

आता मुद्द्यावर येऊ. भाच्यानं मला तीन कप्पे करून समजावलं, तसंच मी तुम्हाला सांगते.

पहिला कप्पा सरकारी फीचा. अर्ज तपासायची ती फी. अर्ज मंजूर होवो, नामंजूर होवो की आपण मागे घेवो, ती परत मिळत नाही. आपल्याकडे परीक्षेची फी भरून पेपरला बसलं नाही, तर कोण परत देतं?

दुसरा कप्पा कंपनीच्या शुल्काचा. कागदपत्रं, कार्यालय, दलाली असल्या खर्चासाठी ते घेतात. ते परत मिळेल की नाही हे करारावर असतं, आणि बहुतेक करारांत ते मिळत नाही.

तिसरा कप्पा खऱ्या भांडवलाचा. इथंच सगळ्यांचा घोटाळा होतो. आपण अर्ज करतो सरकारकडे, पण पैसा सरकारकडे जातच नाही. तो जातो एका खासगी कंपनीत. आपण त्या कंपनीचे भागीदार होतो. ती कंपनी तो पैसा हॉटेल, इमारत, दवाखाना बांधणाऱ्या बिल्डरला बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांच्या कर्जानं देते. आता तुम्ही सरकारला लिहिलं की मला कार्ड नको. सरकार म्हणणार, ठीक आहे, फाइल बंद. पण त्यामुळे बिल्डर आपलं कर्ज आधी फेडणार आहे का? त्याचा आणि तुमच्या फाइलीचा काय संबंध?

मी काकूंना आपल्या भाषेत सांगितलं. "काकू, साखर कारखान्याचा शेअर घेतलाय ना तुम्ही? उद्या ऊस घालायचा बंद केलात, म्हणून कारखाना शेअरचे पैसे दुसऱ्या दिवशी हातावर ठेवतो का? ठेव वेगळी आणि भाग वेगळा." काकूंना ते लगेच पटलं. आमच्या तालुक्यात सोनई आणि भेंडे, दोन्हीकडे कारखाने. हा फरक इथल्या बाईला वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त तो अमेरिकेलाही लागू आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट ऐकून तर मी चाटच पडले. या योजनेत पैसा 'जोखमीत' असायलाच हवा, अशी अटच आहे. म्हणजे 'तुमची रक्कम ठरल्या तारखेला हमखास परत देऊ' असं कंपनीनं लिहून दिलं, तर ती गुंतवणूक धरत नाहीत, उसनवारी धरतात आणि अर्जच बाद होऊ शकतो. १९९८ सालच्या एका निकालापासून हे ठरलेलं आहे. तेव्हा कुणी एजंट छातीठोकपणे 'पैसे शंभर टक्के परत' म्हणत असेल, तर एक तर तो खोटं बोलतोय, नाही तर तुमचा अर्ज बुडवतोय. अर्ज सरकारनं नामंजूर केला, तर पैसे परत देऊ, असं कलम मात्र घालता येतं आणि पुष्कळ करारांत ते असतं. पण 'नामंजूर होणं' आणि 'आपण मागे घेणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकूंच्या करारात नामंजुरीचं कलम होतं. स्वतःहून माघार घेतली तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती.

मुलाची चूक झाली ती इथं. त्यानं आधी सरकारला पत्र पाठवलं आणि मग कंपनीला पैसे मागितले. क्रम उलटा हवा होता. आधी करार काढून वाचायचा, तिथल्या वकिलाला विचारायचं, कंपनीशी लेखी बोलायचं, पैसे कधी आणि कसे मिळणार हे कागदावर घ्यायचं, आणि मगच अर्ज मागे घ्यायचा. काकू म्हणाल्या, "सोडचिठ्ठी आधी दिली आन् पोटगीचं नंतर इचारलं, तसं झालं म्हणा की!" मला हसावं की रडावं कळेना.

२०२२च्या कायद्यात गुंतवणूकदारांच्या बाजूनं काही चांगल्या गोष्टी आल्या. पैसा स्वतंत्र खात्यात ठेवायचा, त्यावर बाहेरचा देखरेख करणारा नेमायचा किंवा दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा. एजंटांनी सरकारकडे नोंदणी करायची आणि आपल्याला किती दलाली मिळते ते गिऱ्हाइकाला लेखी सांगायचं. रक्कम मागास भागासाठी आठ लाख डॉलर झाली. या कायद्याखालच्या नव्या गुंतवणूकदारांनी पैसा निदान दोन वर्षं धंद्यात ठेवला पाहिजे, असा अर्थ तिथल्या खात्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितला. पण नीट लक्षात घ्या, ही दोन वर्षं कार्ड मिळण्यासाठीची अट आहे. दोन वर्षांनी कंपनीनं पैसे परत केलेच पाहिजेत, असा त्याचा अर्थ नाही. परतीची तारीख करारच ठरवतो.

आता जरा दोन मोठी प्रकरणं पाहू, म्हणजे पैसा कधी वाचतो आणि कधी बुडतो ते कळेल.

शिकागोला विमानतळाजवळ मोठं हॉटेल आणि कन्व्हेन्शन सेंटर बांधतो म्हणून अंशू सेठी नावाच्या तरुणानं अडीचशेहून जास्त लोकांकडून, त्यातले बहुतेक चिनी, साडेचौदा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमवली. आपल्या सेबीसारखी तिथली संस्था, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, २०१३च्या फेब्रुवारीत कोर्टात गेली. मोठी हॉटेलं आपल्याबरोबर असल्याचे दावे खोटे निघाले. पण गुंतवणूकदारांचं नशीब असं, की मूळ रक्कम 'एस्क्रो' खात्यात होती. म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यात, काही अटी पुऱ्या झाल्याशिवाय हात लावायचा नाही असं खातं. त्यामुळे मुद्दल परत मिळालं. शुल्कापोटी दिलेल्या पैशांतला मात्र बराचसा आधीच उडवून झाला होता.

दुसरं व्हर्मांट राज्यातलं जे पीक. बर्फावर घसरण्याच्या खेळाचं हे ठिकाण. तिथं हॉटेलं आणि शेजारच्या गावात औषधाचा कारखाना काढतो म्हणून सत्तरावर देशांतल्या लोकांकडून पस्तीस कोटी डॉलरच्या वर रक्कम घेतली. एप्रिल २०१६ मध्ये कमिशननं खटला भरला, कोर्टानं रिसीव्हर नेमला. या प्रकल्पाचा पैसा त्या प्रकल्पाला, त्याचा याला, असा खेळ चालला होता. कारखाना कधी उभाच राहिला नाही. २०१७ मध्ये एका वित्तसंस्थेनं तडजोडीत पंधरा कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, म्हणून पुष्कळांना काही तरी मिळालं. मालक एरियल क्विरोस यांना २०२२ साली पाच वर्षांची शिक्षा झाली. पण पैसे मिळेपर्यंत लोकांची किती वर्षं गेली!

दोन्हीकडे फसवणूक झाली होती. फरक एवढाच की एकीकडे पैशाला कुलूप होतं, दुसरीकडे नव्हतं. आमच्या तालुक्यातलं शनिशिंगणापूर दारं नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. लोक कौतुकानं बघायला येतात. पण घराला दार नसलं तरी चालेल बायांनो, व्यवहाराला हवंच!

आता काकूंच्या फाइलीतला एक कागद. तो वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. मुलाला दिलेले पैसे ही 'भेट' आहे, ते परत मागण्याचा आमचा कुठलाही हक्क नाही, असं काका-काकूंच्या सहीनिशी लिहिलेलं होतं. अर्जासाठी असा कागद लागतो, त्यात मुलाचा काही कावा नव्हता. पण काकूंना मी विचारलं, "हे कशावर सही केली, माहीत होतं का?" त्या म्हणाल्या, "पोरानं सांगितलं, बँकेचा कागद हाये." म्हणजे उद्या पैसे आले, तरी कायद्यानं ते मुलाचे. काकूंचे नाहीत.

आणि काकूंना एक मुलगीही आहे. श्रीरामपूरकडे दिलेली. जमीन विकायच्या आधी तिनं हक्कसोड पत्र करून दिलं होतं. एक पैसा न घेता, माहेर तुटू नये म्हणून. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा, हा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून आहे. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० रोजी तो आणखी स्पष्ट केला. जन्मानंच तिचा हक्क. पण एकदा रजिस्टर हक्कसोड पत्र झालं, की ते सहजासहजी मोडत नाही. भाऊ म्हणतो, "पैसे आले की ताईला देईन." त्याच्या मनात खोट नाही. पण 'आले की' या दोन शब्दांवर एका बाईचा हिस्सा टांगलेला आहे, हे काही बरं नव्हे.

परदेशी गुंतवणुकीच्या बातम्यांमध्ये डॉलर असतात, व्हिसा असतो. त्या डॉलरखाली सही कुणाची आणि जमीन कुणाची, हे मात्र कुणी लिहीत नाही.

पैसे पाठवताना आता आणखी एक भानगड आहे. २०१९ साली ती नव्हती. १ एप्रिल २०२५ पासून नियम असा, की वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी किंवा भेट म्हणून बाहेर पाठवलं, तर वरच्या रकमेवर वीस टक्के कर बँक आधीच गोळा करते. आठ लाख डॉलर म्हणजे सात कोटींच्या आसपास. त्यावर सव्वा कोटीच्या पुढे रक्कम आणखी हाताशी लागते. हा कर बुडत नाही, रिटर्न भरलं की हिशेबात धरतात किंवा परत देतात. पण ज्या गृहिणीच्या खात्यातून पैसे गेले, तिनं रिटर्नच भरलं नाही, तर? आपल्या नावावरचं रिटर्न आपण भरायचं असतं, हेच कित्येकींना माहीत नसतं.

काही जण आता म्हणतात, त्यापेक्षा ट्रम्पसाहेबांचं 'गोल्ड कार्ड' बरं. १९ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांनी तो हुकूम काढला. पण त्यातले दहा लाख डॉलर गुंतवणूक म्हणून नाहीत, चक्क देणगी म्हणून आहेत. देवाच्या पेटीत टाकलेल्या पैशांसारखे, परत मागायचा प्रश्नच नाही.

मग काकूंनी करायचं काय? आम्ही बसून यादी केली. ज्यांचे पैसे असे अडकले आहेत, त्यांनाही ती उपयोगी पडेल.

पहिलं, सगळे कागद एका जागी. करार, गुंतवणुकीचं माहितीपत्रक, पैसे पाठवल्याच्या पावत्या, कंपनीची सगळी ईमेल. दुसरं, कंपनीला तोंडी नाही, लेखी विचारायचं. कर्ज कुणाला दिलंय, मुदत कधी संपली, वाढवली असेल तर कोणत्या कलमानं, व्याज येतंय का, बिल्डरनं थोडं फेडलं असेल तर ते कुठं आहे. फेडलेला पैसा परत न देता दुसऱ्याच प्रकल्पात घालण्याचा अधिकार काही करारांत कंपनीला असतो, ते खास बघायचं. तिसरं, भागीदाराला दरवर्षी हिशेबाचा कागद मिळायला हवा. 'के-वन' म्हणतात त्याला. तो आला नसेल, तर मागायचा. चौथं, भांडण कोर्टात न्यायचं की लवादाकडे, आणि किती वर्षांच्या आत, हे करारात पाहायचं. मुदत टळली की हक्क असूनही उपयोग नाही. पाचवं, आपला हिस्सा दुसऱ्या कुणाला विकता येतो का, हे विचारायचं. आणि सहावं, फसवणुकीचा वास आला, तर तिथल्या कमिशनकडे तक्रार करायची. परदेशी माणसालाही ती करता येते.

मुलानं असं पत्र पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं, पहिल्यांदाच हिशेबासह. प्रकल्प उभा आहे, कर्जाची मुदत वाढवलेली आहे, फेड सुरू झाली की सगळ्या भागीदारांना क्रमानं पैसे मिळतील. तारीख नाही. मुलगा आता तिथल्या वकिलाशी बोलतोय, ती मुदतवाढ कलमाला धरून होती का ते तपासायला. पैसे आज आले नाहीत, पण ते कुठं आहेत हे तरी काकूंना कळलं.

कोटींची गोष्ट आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण आमच्या गटातल्या दोघींनी मुलाला आखातात नोकरी लावतो म्हणणाऱ्या माणसाला दागिने मोडून पैसे दिले आहेतच की! रक्कम लहान, पण दुखणं तेच. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, आणि सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त त्याला घेता येत नाही. 'ईमायग्रेट'च्या सरकारी यादीत त्याचं नाव शोधा. नसेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा! आणि दिलेल्या पैशाची पावती घ्याच. नगर जिल्ह्यातल्या आपल्याला हे वेगळं का सांगावं? ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. बँकेत निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेत तोही नसतो. ईबी-फाइव्हमध्ये तर ठेवच नसते.

नेवाशात पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, असं आपण अभिमानानं सांगतो. ज्यांना संस्कृत येत नव्हतं, त्या बायाबापड्यांनाही ती कळावी म्हणून. त्याच गावात सव्वासातशे वर्षांनंतर आपण न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर मुकाट्यानं सही करतो. अंगठा गेला, सही आली, पण वाचून घेण्याचा हट्ट अजून यायचाय.

परवा काकू पुन्हा आल्या होत्या. उरलेल्या दोन एकरांसाठी गिऱ्हाईक आलंय. मुलानं कागद पुढं केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी मराठीत लिहून आण. आन् तुझ्या बहिणीला बोलाव. मग बघू."